जलपर्णी काढायच्या आधी थोडा अभ्यास करा की! (सोलापूरच्या तळ्यांवर हात घाण करून शिकलेलं)

दरवर्षी फेब्रुवारी लागला की मला कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "सर, आमचं तळं पार हिरवं झालंय, कोणतं औषध मारू सांगा की." आणि मी दरवेळी उलटा प्रश्न विचारतो, हिरवं म्हणजे नेमकं काय आहे? पलीकडं शांतता. कारण पाण्यावर हिरवं दिसलं की आपल्याकडं सगळं "जलपर्णी", मग ते शेवाळ असो नाहीतर पाणकणीस. मी काय शास्त्रज्ञ नाही, बॉटनी घेऊन बीएस्सी केलं आणि शाळेत विज्ञान शिकवतो, पण गावच्या तळ्यावर तीन उन्हाळे घालवलेत आणि त्यातला पहिला उन्हाळा साफ वाया गेला. तो कसा गेला ते पुढं सांगतो. आधी अभ्यास कसा करायचा ते बघू. अभ्यास म्हणजे काय फार अवघड नाही, एक वही, एक वजनकाटा, चार प्लास्टिकचे टब आणि दीडदोन महिने धीर, एवढं पुरतं.

आधी ओळख पटवा

पाण्यातून एक अख्खं रोप मुळासकट उचला आणि पांढऱ्या गोणपाटावर ठेवा. देठ फुगीर, चिरला की आत स्पंजासारखा, खाली काळपट जांभळ्या पिसासारख्या मुळ्या, फूल जांभळं आणि वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका, तर ती खरी जलपर्णी. रोप उचलताना बाजूला एक आडवी दांडी दिसते आणि त्या दांडीच्या टोकाला दुसरं छोटं रोप. आमच्या तळ्यावर एक म्हातारे भोईकाका आहेत, त्यांनी पहिल्याच दिवशी असं एक लांबलचक लटांबर पाण्यातून ओढून काढलं आणि बोटानं दाखवत गेले, "ही आई, ही लेक, ही नात, आणि ही पणती अजून रांगतीय." पुस्तकात वाचलेलं शाकीय पुनरुत्पादन मला त्या दिवशी कळलं. चांगलं ऊन आणि घाण पाणी मिळालं की ही वनस्पती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. मूळची ॲमेझॉन खोऱ्यातली, १९ व्या शतकाच्या शेवटी शोभेचं फूल म्हणून बंगालमध्ये आली आणि मग सगळ्या देशाला पुरून उरली.

फुगीर देठ नाही, नुसता कोबीच्या गड्ड्यासारखा मऊ लवदार पानांचा गुच्छ तरंगतोय तर तो पिस्टिया. नाण्याएवढी दुमडलेली पानं, वर केसांची लव, पाणी टाकलं तर घरंगळून जातं, तर साल्विनिया. पाण्याच्या आत दोरीसारखं, पोहणाऱ्याच्या पायाला गुंडाळणारं ते बहुतेक हायड्रिला, ते परदेशी नाही, आपल्याच भागातलं आहे, पण त्रास द्यायला कमी नाही. काठाला उभं, वर तपकिरी कणीस, ते पाणकणीस. आणि फिकट जांभळ्या भोंग्यासारख्या फुलांचं झुडूप म्हणजे बेशरम, नावातच सगळं आलं.

ही ओळख एवढ्यासाठी की एकाचा उपाय दुसऱ्याला उलटा पडतो. हायड्रिला कापून पाण्यात सोडलं तर प्रत्येक तुकड्याचं नवं रोप होतं, म्हणजे तुम्ही साफसफाई नाही, लावणी करताय. पाणकणीस मात्र पाण्याच्या पातळीखाली वीतभर कापलं की बुडख्यात पाणी शिरतं, खालच्या गड्ड्यांना हवा मिळत नाही आणि ते कुजतं, तेच पाण्याच्या वर कापलं तर पंधरा दिवसांत हिरवंगार. गवत्या मासा हायड्रिला आवडीनं खातो पण जलपर्णीला तो फारसा तोंड लावत नाही, तरी लोक जलपर्णीसाठी गवत्या सोडतात आणि मग मासेवाल्याला शिव्या घालतात.

पाणी कुठून येतंय ते चालत जाऊन बघा

हे काम कुणाला आवडत नाही कारण ह्यात फोटो चांगले येत नाहीत. तळ्याच्या काठानं पूर्ण चक्कर मारायची, जिथं जिथं पाणी आत येतं तिथं थांबायचं, वास घ्यायचा, फेस आहे का बघायचं, आणि वहीत लिहायचं. गावचं गटार, गोठ्याचं पाणी, गाड्या धुण्याची जागा, वरच्या बाजूच्या उसाला दिलेल्या खताचं वाहून येणारं पाणी, हे सगळं जलपर्णीचं जेवण आहे. नायट्रोजन आणि फॉस्फरस. पाण्याचं सॅम्पल दोन ठिकाणचं घ्या, एक नाल्याच्या तोंडाशी आणि एक मधलं, आणि नायट्रेट, फॉस्फेट तपासून आणा, नुसतं "पाणी खराब" असा रिपोर्ट काही कामाचा नाही.

आणि रोपं आत कुठून येतात ते वेगळं शोधायचं. उजनीचं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहिती आहे, पुण्याच्या नद्यांतलं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत, पूर आला की त्याच्यासोबत जलपर्णीचे गालिचेच्या गालिचे वाहत येतात, आणि खाली पंढरपूरला चंद्रभागेत वारीच्या तोंडावर हीच धावपळ. अशा जागी खालच्या माणसानं कितीही काढलं तरी वरून येतच राहणार, तिथं प्रश्न काढण्याचा कमी आणि अडवण्याचा जास्त. पण गावचं बंद तळं असेल, वर दुसरं पाणी नाही, तर गोष्ट वेगळी, तिथं खरंच ती संपवता येते. तुमचं तळं ह्या दोन्हीपैकी कुठलं हे आधी ठरवा, अर्धा निर्णय तिथंच होतो.

ह्यासाठी मोबाईल किंवा कॉम्प्युटरवर सॅटेलाईटचे जुने फोटो बघायला शिका, फुकट आहेत. सेंटिनेल-२ चे फोटो साधारण दर पाच दिवसांनी येतात आणि एक ठिपका म्हणजे जमिनीवर १० मीटर. पावसाळ्यात ढग असतात, तेव्हा नाद सोडा, पण नोव्हेंबर ते मे एकेक महिन्याचा फोटो काढून ओळीनं लावला की हिरवा पट्टा कुठल्या कोपऱ्यातून सुरू होतो ते स्वच्छ दिसतं. आमच्याकडं तो दरवर्षी एकाच कोपऱ्यातून सुरू होत होता, आणि आम्ही काढायला सुरुवात करत होतो बरोबर समोरच्या काठावरून, कारण तिथं झाडाची सावली होती!

वाचायचं काय आणि कसं

नुसतं "जलपर्णी उपाय" टाकून शोधलं तर बातम्या आणि जाहिराती मिळतात. त्यापेक्षा शास्त्रीय नावानं शोधा. आयकॉर्निया क्रॅसिपस हे जुनं नाव, आता पॉन्टेडेरिया क्रॅसिपस म्हणतात, दोन्ही टाकायची, नाहीतर जुना सगळा अभ्यास हातातून सुटतो. हिंदीत "जलकुंभी" टाका, कारण तणांवर काम करणारी केंद्राची संस्था जबलपूरला आहे आणि तिथलं बरंच साधं सोपं साहित्य हिंदीत आहे. कृषी विद्यापीठांचे प्रबंध कृषीकोशवर आणि बाकीच्या विद्यापीठांचे शोधगंगावर फुकट वाचता येतात. जवळचं म्हणजे मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र, तिथं रोप आणि फोटो घेऊन जा, नुसतं तोंडी वर्णन नको.

वाचताना मी चार गोष्टी बघतो. पाणी किती खोल होतं, तिथलं हवामान कसं, किती महिने बघितलं, आणि शेजारी काहीच न केलेला तुकडा ठेवला होता का. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराची गोष्ट बघा, तिथं १९९० च्या दशकात जलपर्णी खाणारे भुंगेरे सोडले आणि दशकाच्या शेवटी जलपर्णी झपाट्यानं कमी झाली, सगळे म्हणाले भुंगेरे जिंकले, पण १९९७-९८ ला एल निनोचं विचित्र हवामानही होतं, त्यामुळं श्रेय किती किड्याला आणि किती हवेला ह्यावर शास्त्रज्ञांमध्ये पुढं कितीतरी वर्षं वाद चालला. तर मग "आमच्या पावडरनं तळं साफ झालं" असं कुणी सांगितलं तर विचारा, कोणत्या महिन्यात टाकली होती? मे मध्ये टाकली असेल तर सोलापुरात मे मध्ये तळं तसंही आटतं हो!

घरगुती उपायांचंही तसंच. मीठ टाका म्हणणारे लई भेटतात. खारं पाणी जलपर्णीला सोसत नाही हे खरं आहे, खाडीजवळ गेली की ती मरते. पण हिशोब करा की. एक हेक्टर तळं, सरासरी एक मीटर खोल, म्हणजे १०,००० घनमीटर पाणी. लिटरला नुसतं ५ ग्रॅम धरलं तरी ५० टन मीठ. आणि मग ते पाणी ना जनावराला, ना शेताला.

टबातली टेस्ट

चार सारखे टब घ्या. दोन टबात तळ्याचं पाणी, दोनात साधं बोअरचं. प्रत्येकात मोजून पाच रोपं, साधारण एका मापाची, टाकायच्या आधी दोन मिनिटं निथळू द्यायची आणि वजन करायचं. उन्हात ठेवा, शेळ्यांपासून लांब. दर आठवड्याला त्याच वारी त्याच वेळी निथळून वजन आणि रोपांची संख्या. कमी झालेलं पाणी त्याच पाण्यानं भरायचं. महिनाभरात तुम्हाला दोन गोष्टी कळतात, तुमच्या पाण्यात ती किती दिवसांत दुप्पट होते, आणि गटार बंद केलं तर वाढ किती मंदावेल. सरपंचांना कागदावरचा नायट्रेटचा आकडा समजावण्यापेक्षा हे चार टब दाखवलेले बरे, आमच्याकडं ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ठेवले होते, एका बाजूचे टब तुंबून बाहेर आलेले आणि दुसऱ्या बाजूची रोपं पिवळी, मुळ्या मात्र हातभर लांब, अन्न शोधत खाली गेलेल्या.

मग तळ्यात वजन मोजायचं. पीव्हीसी पाईपची एक मीटर बाय एक मीटर चौकट करायची, तोंडं बंद केली की ती तरंगते, गालिच्यावर ठेवून आतलं सगळं काढायचं, निथळायचं, तोलायचं. पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी, फक्त काठाला नको. समजा सरासरी २५ किलो आली. एक एकर म्हणजे साधारण ४००० चौरस मीटर, म्हणजे एकराला १०० टन. तीन एकर असेल तर ३०० टन, ट्रॉलीत ओला माल अडीच टन बसतो धरलं तर १२० खेपा. हा आकडा कळल्यावर "एका रविवारी श्रमदान करून टाकू" म्हणणाऱ्यांचा आवाज जरा खाली येतो.

आणि आता खरी गंमत. पंधरा दिवसांत दुप्पट म्हणजे रोज साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढ. ३०० टनाच्या साडेचार टक्के म्हणजे रोजचे साधारण १४ टन. गच्च भरलेल्या तळ्यात वाढ मंद असते हे मान्य, पण तुम्ही जागा मोकळी केली की ती परत वेग घेते. म्हणजे तुमची टीम रोज ८-१० टन काढत असेल तर तुम्ही आयुष्यभर काढत बसाल. त्यामुळं एक दिवस ट्रायल काढून स्वतःच्या टीमचा वेग मोजा, आणि तो वाढीपेक्षा कमी पडत असेल तर एकतर मशीन आणा नाहीतर पाणी आटून गालिचा आकसेपर्यंत थांबा.

काढायचं कधी, कसं

आपल्याकडं सगळ्यात चांगला काळ मार्च ते मे. पाणी मागं सरतं, रोपं चिखलावर उघडी पडतात, ४२-४३ डिग्रीत सुकतात, पोकलेन आतपर्यंत जातो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, त्यामुळं तरंगतं सगळं पूर्वेच्या काठाला जमतं, तेव्हा त्याला तिथंच दोरीनं कोंडून ठेवायचं, जाड दोरखंड आणि त्याला हातहातभर अंतरावर रिकामे कॅन बांधायचे, खाली दीड-दोन फूट जाळी सोडायची. मधोमध उरलेली चार रोपं सगळ्यात धोकादायक, ती नावेतून फिरून वेचायची.

आता आमचा वाया गेलेला उन्हाळा. आम्ही महिनाभर राबलो, माल काढला आणि काठावर ढीग घातले, लांब टाकायला डिझेलला पैसे नव्हते. ढीग घातले ते आटलेल्या काठावर. भरलेल्या तळ्याची पाण्याची रेघ कुठं येते हे कुणीच बघितलं नाही. जूनमध्ये एका रात्रीत जोराचा पाऊस झाला, सकाळी जाऊन बघतो तर ढिगाच्या पोटातली, सुकलेल्या थराखाली ओली राहिलेली रोपं परत पाण्यावर, वर टवटवीत. भोईकाका एवढंच म्हणाले, "माहेरी जाऊन आल्या." तेव्हापासून आम्ही आधी भरल्या तळ्याच्या रेघेवर चुन्याची खूण करतो, त्याच्या वर ढीग, आणि ढीग उंच नाही तर पसरट, आठवड्याला एकदा उलटायचा. रोपात ९०-९५ टक्के पाणी असतं, आठ-दहा दिवस आपल्या उन्हात पसरली की वजन एवढं कमी होतं की ट्रॉलीच्या खेपा निम्म्याहून खाली येतात.

सुकलेल्या मालाचं शेण मिसळून कंपोस्ट चांगलं होतं. पण तळ्यात कारखान्याचं किंवा रंगाचं पाणी येत असेल तर शेतात नको, ही वनस्पती जड धातू शोषून घेते. जनावरांनाही मी तरी घालणार नाही.

उतरताना गमबूट, दोरी, आणि एकट्यानं अजिबात नाही. गालिचा जमिनीसारखा दिसतो, पाय ठेवला की माणूस खाली आणि वर झाकण. साप असतात, बहुतेक विरोळेच, बिनविषारी, पण काठाच्या गवतात घोणस असू शकते. कामाआधी पाणकोंबड्यांची, कमळपक्ष्यांची घरटी आहेत का बघा. आणि तळं कुणाचं आहे, ग्रामपंचायत, पाटबंधारे की महापालिका, मासेमारीचा ठेका कुणाकडं, हे विचारून लेखी परवानगी घ्या, नाहीतर चांगलं काम करून पोलीस स्टेशनची वारी.

फवारणी

मी टाळा म्हणेन, तरी विचारणारे विचारतातच. टू-फोर-डी नावाच्या तणनाशकानं जलपर्णी मरते, त्यात शंका नाही. पण त्याचा उडालेला फवारा द्राक्षाला आणि कापसाला फार लागतो, आणि आपल्याकडं नान्नज, कासेगाव, सगळीकडं बागा, वारा फिरला तर शेजाऱ्याच्या वेलीची पानं वाकडी आणि तुमची भांडणं सरळ कोर्टात. ग्लायफोसेट गढूळ पाण्यात कालवलं तर मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं. लेबलवर पाण्यातल्या तणासाठी वापर लिहिला नसेल तर हात लावायचा नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मेलेलं तण जातं कुठं? तळाशी. तिथं कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन खातं, पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडायला लागतात. अख्खं तळं एकदम मारणं म्हणजे माशांचा सामुदायिक अंत्यविधी. कुजलेलं सगळं खत परत पाण्यातच, पुढच्या पिढीला तयार जेवण. तरी मारायचंच असेल तर एकावेळी तिसरा हिस्सा, आणि मेलेलं बाहेर काढायचं.

भुंगेरे

हा मला सगळ्यात आवडणारा भाग, पण लोकांना सगळ्यात निराश करणारा. निओकेटिना नावाचे दोन जातींचे छोटे भुंगेरे, ४-५ मिलिमीटरचे, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेरून आणून, आधी ते दुसरी पिकं खात नाहीत ना ह्याची तपासणी करून, बेंगळुरूच्या तळ्यांत सोडले, आणि तिथं काही तळ्यांत दोन-चार वर्षांत जलपर्णी आटोक्यात आली. मणिपूरच्या लोकटाकमध्येही सोडले होते. साल्विनियासाठी वेगळा भुंगेरा, सायर्टोबॅगस, त्यानं केरळात कमाल केली. म्हणून आधी ओळख पटवा म्हणतो, जलपर्णीचा किडा साल्विनियावर उपाशी मरेल.

आणायच्या आधी बघा की तुमच्या तळ्यात तो आधीच आहे का. पानावर नखानं खरवडल्यासारखे छोटे फिकट तपकिरी चट्टे दिसले तर संशय घ्या. दिवसा तो लपतो, मधलं कोवळं गुंडाळलेलं पान हळू उलगडा, आत किंवा देठांच्या बेचक्यात करडा, सोंड असलेला किडा बसलेला असतो. अळ्या देठ पोखरत खाली जातात, देठ चिरला की बोगदा दिसतो.

सोलापुरात अडचण अशी की ह्या किड्याचा कोष पाण्यातल्या मुळ्यांवर होतो, आणि आपली छोटी तळी उन्हाळ्यात कोरडी पडतात, मग किडा गेला, बियाणं मात्र राहिलं. शिवाय गटाराच्या पाण्यात रोप इतक्या जोरात वाढतं की किडा खाऊन दमतो. त्यामुळं बारमाही पाणी असलेल्या मोठ्या जागी, जिथं तीन-चार वर्षं थांबायची तयारी आहे, तिथंच हा विचार करा, आणि तो चालू असताना फवारणी बंद. सगळं काढूनही टाकायचं नाही, एक कोपरा किड्यांसाठी राखायचा. भुंगेरे कुणाच्या तळ्यातून परस्पर पिशवीत भरून आणू नका, जबलपूरच्या संस्थेशी कृषी विज्ञान केंद्रामार्फत बोला.

नंतरचं

तळं मोकळं झालं, फोटो झाले, पेपरला आलं, आणि सगळे घरी गेले, इथंच बहुतेक गावं हरतात. चिखलात पडलेलं बी १५-२० वर्षं जिवंत राहू शकतं, आणि पहिल्या पावसानंतर उथळ पाण्यात ऊन पोचलं की उगवतं. ह्या पिल्लांना फुगीर देठ नसतो, सुरुवातीची पानं पट्टीसारखी, गवतासारखी दिसतात, त्यामुळं लोक गवत समजून सोडून देतात. जुलैपासून दिवाळीपर्यंत दर आठवड्याला एक चक्कर, दोन माणसं, एक बादली. पिल्लू मुळासकट उपटून बादलीत, किती निघाली ते वहीत, कुठल्या कोपऱ्यात ते पण. आमच्या शाळेतली आठवीची पोरं शनिवारी हेच करतात, आणि कुणाच्या बादलीत जास्त ह्यावर त्यांच्यात पैज असते, हरणाऱ्यानं शाळेसमोरच्या गाड्यावर भजी खाऊ घालायची. गेल्या शनिवारी तीन बादल्यांत मिळून अकरा निघाली, त्यातली सात नाल्याच्या तोंडाशी, म्हणून आता तिथं जाळी बदलायची आहे.